दाताचा पाया कोण घालतो? एका गाजलेल्या शोधनिबंधाची चिकित्सा

दाताचे चित्र फळ्यावर कधीच काढले नाही, असा विज्ञानशिक्षक विरळाच. वर इनॅमल, त्याखाली डेंटीन, आत मगज, बाजूला हिरडी. नावे दिली, बाण काढले, की धडा पुढे सरकतो. दात जबड्यात टिकून कसा राहतो, हा प्रश्न त्या चित्रात बहुधा नसतोच. भिंतीत खुंटी ठोकावी तसे मूळ हाडात रुतलेले दाखवले की आपले काम भागते.

या सहसा न विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाच्या एका भागाला १९९७ साली एक धिटाईचे उत्तर दिले गेले. ‘जर्नल ऑफ क्लिनिकल पेरिओडोंटॉलॉजी’ या नियतकालिकात स्वीडनचे लार्स हामरस्ट्रॉम यांचा इनॅमलची प्रथिने, सिमेंटमची वाढ आणि त्याची पुनर्निर्मिती या विषयावरील निबंध प्रसिद्ध झाला. त्याचे म्हणणे एका वाक्यात असे सांगता येईल: ज्या प्रथिनांच्या साच्यात दाताचे इनॅमल घडते, तीच प्रथिने मुळाभोवतीच्या आधारऊतींच्या निर्मितीलाही चालना देतात. या विचारावर दंतवैद्यकातील एक उपचार उभा आहे आणि विद्यार्थ्यांच्या टिपणांतून तो विचार आता सिद्ध झालेल्या वस्तुस्थितीसारखा सांगितला जातो. तो तसा आहे काय, हे आम्हांला येथे पाहायचे आहे. बीड जिल्ह्यात शिकवणाऱ्यांना इनॅमलच्या प्रथिनांशी आणखी एका कारणाने कर्तव्य आहे. त्याकडे शेवटी वळू.

आधी या आधारऊती म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. सिंदफणेवरचे माजलगावचे धरण, म्हणजे जायकवाडी प्रकल्पाचा दुसरा टप्पा, झाले आणि आमच्या भागात उसाला पाणी मिळाले. इथली मुले कोयत्याची वाट न पाहता कांडे दातांनीच सोलतात. प्रौढ माणसाने दाढा जोराने आवळल्या तर पन्नास ते सत्तर किलो वजनाइतका दाब पडू शकतो. इतका दाब वर्षानुवर्षे सोसूनही मूळ हाडात घुसत नाही आणि हाडही फुटत नाही, कारण मूळ हाडाला टेकलेलेच नसते. दोहोंमध्ये सुमारे एक पंचमांश मिलिमीटरची फट असते. त्या फटीत तंतूंचा एक अस्थिबंध असतो. बाजेच्या काथ्यावर झोपणाऱ्याचे वजन पेलले जावे तसा दात या तंतूंवर तोललेला असतो. तंतूंचे एक टोक खोबणीच्या हाडात पुरलेले, दुसरे मुळावरच्या एका पातळ थरात. हा थर म्हणजे सिमेंटम. हाड, अस्थिबंध आणि सिमेंटम मिळून दाताचा आधार तयार होतो.

यांतला सिमेंटम सर्वांत दुर्लक्षित आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. दाताच्या मानेजवळ त्यात पेशी नसतात, आणि तेथे त्याची जाडी वहीच्या कागदापेक्षाही कमी असते. तरी तंतूंची घट्ट पकड मुख्यतः याच थरात असते. तो नसेल तर तंतू धरणार कशाला?

आता हामरस्ट्रॉम यांचा युक्तिवाद. दात वाढतो तेव्हा इनॅमल तयार करणाऱ्या पेशींच्या थराची कड खाली उतरत जाते आणि मुळाचा आकार ठरवते. ऑस्कर हर्टविग या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे आवरण वर्णिले, म्हणून ते त्याच्या नावाने ओळखले जाते. हे आवरण इनॅमलच्या घराण्यातले. तेव्हा मुळाच्या ताज्या डेंटीनवर ते इनॅमलच्या प्रथिनांचा पातळ लेप देत असेल, आणि त्या लेपाचा स्पर्श होताच भोवतालच्या पेशी सिमेंटम घालू लागत असतील, अशी ही कल्पना आहे. हॅरल्ड स्लाव्हकिन आणि ॲलन बॉइड यांनी १९७५ च्या सुमारास ती मांडली होती. हामरस्ट्रॉम यांनी तिला प्रयोगांचा आधार दिला.

प्रयोग साधे आणि नेटके आहेत, हे आधीच कबूल केले पाहिजे. उंदरांच्या वाढत्या दाढांत इनॅमलचा कच्चा साचा भोवतालच्या पेशींना उघडा पडेल असे केले, तर त्या पेशींनी त्यावर पेशीविरहित कठीण थर घातला. माकडांच्या दातांच्या मुळांत छोटे खड्डे करून त्यांत डुकराच्या वाढत्या दातांतून काढलेली इनॅमलची प्रथिने भरली आणि दात पुन्हा खोबणीत बसवले. तेथे डेंटीनला घट्ट चिकटलेला, पेशीविरहित सिमेंटम आला. ज्या खड्ड्यांत प्रथिने भरली नव्हती तेथेही काहीतरी कठीण आले, पण ते पेशीयुक्त होते आणि डेंटीनला नीट चिकटले नव्हते. तुलनेसाठी नियंत्रित खड्डे ठेवले आणि त्यांचाही निकाल सांगितला, हे या निबंधाचे बळ आहे. शाळेतल्या प्रयोगवहीत आपण हीच अपेक्षा ठेवतो आणि ती क्वचितच पुरी होते.

आणखी एक पुरावा तर आपल्या गोठ्यातलाच आहे. बैल घेताना आपण पुढचे दात मोजून आदत, दोनदाती, चारदाती, जुळलेला असे ठरवतो. दाढांकडे फारसे कोणी बघत नाही. मेलेल्या गुराची दाढ हाती आली तर नीट पाहावी. तिच्या शिखरावर, इनॅमलच्या घड्यांमध्ये, मळकट रंगाचा पदार्थ भरलेला दिसेल. तो सगळाच मळ नसतो. त्यात सिमेंटमही असतो. घोड्याच्या दाढेत तर तो भरपूर असतो. म्हणजे काही प्राण्यांत सिमेंटम चक्क इनॅमलच्या वर येतो. इनॅमलची प्रथिने आणि सिमेंटम यांचे काही नाते असावे ही शंका त्यामुळे अगदीच वाऱ्यावरची नाही.

पण नाते असणे वेगळे आणि एकाने दुसऱ्याला जन्म देणे वेगळे. येथे आमचा पहिला आक्षेप आहे. माकडाच्या दातात खड्डा करून बाहेरचे द्रव्य घातले आणि सिमेंटम आला, यावरून त्या द्रव्यात सिमेंटम आणण्याची शक्ती आहे एवढे कळते. निसर्गात मूळ वाढताना ते द्रव्य तेथे असते, आणि तेच हे काम करते, हे त्यावरून कळत नाही. मोटेने विहिरीतले पाणी उपसता येते, म्हणून विहिरीत पाणी मोटेने आले असे कोणी म्हणत नाही! निबंधाचे शीर्षक ‘वाढ’ आणि ‘पुनर्निर्मिती’ या दोन्ही गोष्टींना हात घालते. भक्कम पुरावा दुसरीचा आहे. पहिलीचा बराचसा अनुमानाचा.

मग मुळावर खरोखर ही प्रथिने असतात का? येथे निरीक्षकांत मतभेद झाले. काहींना हर्टविगच्या आवरणाजवळ इनॅमलच्या प्रथिनांच्या खुणा दिसल्या. टॉमस डीकविश यांनी २००१ साली या विषयाचा आढावा घेतला. त्यांचा निष्कर्ष असा की, इनॅमलच्या प्रथिनांत नव्वद टक्क्यांच्या आसपास वाटा ज्या ॲमेलोजेनिनचा असतो, ते वाढत्या मुळाच्या पृष्ठभागावर सापडत नाही. शिवाय हर्टविगचे आवरण सिमेंटम पडण्याआधीच जागोजागी फाटते आणि भोवतालच्या पेशी थेट डेंटीनशी जाऊन भिडतात. प्रथिनांच्या लेपाची गरजच काय, असा प्रश्न मग उरतो.

याहून वजनदार पुरावा जनुकांचा आहे. उंदरांतून ॲमेलोजेनिनचे जनुक काढून टाकण्याचा प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. इनॅमल अगदी पातळ आणि बेढब झाले, पण दातांना मुळे आली आणि मुळांवर सिमेंटमही आला. २००३ साली त्याच उंदरांवर पुढचे काम झाले. वय वाढले तसा त्यांचा सिमेंटम झिजू लागला, कारण कठीण ऊती खाणाऱ्या पेशी तेथे अधिक संख्येने जमत होत्या. आम्हांला हा शोध फार मोलाचा वाटतो. ॲमेलोजेनिन हा सिमेंटमचा गवंडी नसेल, पण राखणदार असू शकेल, असे तो सुचवतो. हामरस्ट्रॉम यांच्या निबंधात अशा भूमिकेला जागा नाही. पण तो निबंध २००१ पूर्वीचा आहे, म्हणून त्याबद्दल त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. दोष आहे तो त्यानंतरही तीच गोष्ट जशीच्या तशी सांगणाऱ्यांचा.

माणसांतही निसर्गाने हा प्रयोग करून ठेवला आहे. ॲमेलोजेनिनच्या जनुकात बिघाड घेऊन जन्मलेल्या माणसांचे इनॅमल खडबडीत, पिवळट, लवकर झिजणारे असते. त्यांचे दात दुखतात, संवेदनशील असतात, पण आधाराअभावी लहानपणीच गळून पडत नाहीत. याउलट हायपोफॉस्फटेशिया या दुर्मिळ विकारात अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर कमी पडते. तेथे मुळावर सिमेंटम नीट येत नाही. अशा मुलाचे दुधाचे दात वेळेआधीच, बहुधा पाच वर्षांच्या आत, मुळासकट पडतात. पहिली-दुसरीच्या वर्गात मुले पडलेला दात मुठीत धरून दाखवायला आणतात, तेव्हा त्या दाताला मूळ जवळपास नसते, कारण नेहमीच्या क्रमात मूळ आधी विरघळते आणि मग दात पडतो. मूळ शाबूत असलेला दुधाचा दात मार न लागता, लहान वयात पडला, तर तो डॉक्टरांना दाखवला पाहिजे, हेही येथे सांगून ठेवतो.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली म्हणजे निकाल कोणीकडे झुकतो ते दिसते. पहिल्यात इनॅमलचे प्रथिन बिघडले, तरी आधार उभा राहिला. दुसऱ्यात प्रथिनाशी संबंध नसलेले विकर बिघडले, आणि आधार गेला. हे विकर पायरोफॉस्फेट नावाचा, खनिज जमू न देणारा रेणू तोडते. पेशीविरहित सिमेंटमच्या जन्मात अशा खनिज-नियंत्रणाचा वाटा मोठा आहे, हे गेल्या दोन दशकांतील कामाने पक्के होत गेले आहे. दक्षिण अमेरिकेतल्या स्लॉथ या मंदगती प्राण्याला तर इनॅमलच नसते, तरी त्याच्या दातांवर सिमेंटम असतो. उलट माणसाच्या दाढेच्या मुळांच्या बेचक्यात क्वचित इनॅमलचा थेंब तयार होतो, त्याला इनॅमलचा मोती म्हणतात. तेथे अस्थिबंधाचे तंतू धरत नाहीत आणि हिरडीचा रोग त्या वाटेने लवकर आत शिरतो. पक्के झालेले इनॅमल आणि त्याचा कच्चा साचा या भिन्न वस्तू आहेत, त्यामुळे मोत्याचा दाखला निर्णायक मानता येणार नाही. पण सिद्धान्ताचा पुरस्कार करणाऱ्याने त्याची दखल घ्यायला हवी होती, असे आमचे मत आहे.

दुसरा आक्षेप औषधासंबंधी आहे. याच संशोधनातून पुढे आलेल्या ‘बायोरा’ या स्वीडिश कंपनीने डुकराच्या पिलांच्या वाढत्या दातांतील इनॅमलची प्रथिने काढून ‘एमडोगेन’ नावाचे जेल तयार केले. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ते युरोप-अमेरिकेत वापरात आले. हिरडीच्या रोगाने दातामागचे हाड खचते आणि खड्डा पडतो. शस्त्रक्रियेने तो साफ करून मुळावर हे जेल लावतात. १९९७ सालीच एका माणसाच्या एका दातावरचा निकाल प्रसिद्ध झाला. त्यात मुद्दाम केलेल्या उणिवेपैकी ७३ टक्के भागावर नवा सिमेंटम आणि ६५ टक्के भागावर नवे हाड आले होते. आकडे डोळ्यांत भरणारे आहेत. पण माणूस एक, दात एक. पुढे युक्ना आणि मेलोनिग यांनी २००० साली दहा दोष सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. तिघांत सिमेंटम, अस्थिबंध, हाड असे सर्व पुन्हा आले. तिघांत नुसती नवी पकड आली. उरलेल्या चौघांत हिरडीची त्वचाच मुळालगत लांबवर वाढलेली होती, म्हणजे आधार परत आलाच नव्हता.

दहांत तीन हे यश नाकारण्यासारखे नाही. पण इनॅमलच्या प्रथिनांच्या स्पर्शाने निसर्गाचाच क्रम पुन्हा सुरू होतो हे खरे असते, तर तो दहांत तीनच वेळा का सुरू व्हावा? शिवाय हे जेल म्हणजे निव्वळ ॲमेलोजेनिन नव्हे. टीजीएफ-बीटा आणि बीएमपी या वाढीला चालना देणाऱ्या रेणूंसारखी क्रिया त्यात असल्याचे नंतरच्या तपासण्यांत आढळले. परिणाम दिसला तर तो प्रथिनाचा की सोबत आलेल्या पाहुण्याचा, हे ठरवणे त्यामुळे अवघड होते. २००९ सालच्या कॉक्रेन आढाव्यात नऊ चाचण्या एकत्र मोजल्या. जेल लावलेल्या जागी तुलनेतील जागांपेक्षा दाताची पकड सरासरी १.१ मिलिमीटर अधिक सुधारली होती. पण चाचण्यांचे निकाल आपसांत फार विसंगत होते, आणि पक्षपाताचा धोका कमी असलेल्या चाचण्या वेगळ्या काढून पाहिल्या तेव्हा हा फायदा फुगलेला असावा असे दिसले.

मिलिमीटरभर पकडीसाठी हा खर्च करावा की नाही, हा निर्णय रोगी आणि दंतवैद्य यांचा आहे. आमचे म्हणणे इतकेच की, तो निर्णय घेताना ‘दात घडताना निसर्ग हेच वापरतो’ हे वाक्य पुराव्यादाखल पुढे करू नये. जेल डुकराच्या दातांपासून बनते हेही रोग्याला आधी सांगितले पाहिजे. आपल्या समाजात अनेकांच्या दृष्टीने तो प्रश्न लहान नाही. आणि मिशरी-तंबाखू सुटत नसेल, दातांवरचे किटण काढले जात नसेल, तर कोणतेही जेल कितीसे पुरे पडणार? आधार गमावलेल्या दाताची कथा आपल्याकडे बहुधा तेथूनच सुरू होते.

मग या प्रथिनांचे निश्चित काम कोणते? इनॅमल घडवणे; आणि घडवून झाल्यावर निघून जाणे. कच्च्या इनॅमलमध्ये प्रथिनांचा वाटा मोठा असतो. त्यांच्या आधाराने खनिजाचे लांब, अरुंद स्फटिक वाढतात. मग विकरे या प्रथिनांचे तुकडे करतात, ते तुकडे शोषले जातात आणि रिकाम्या जागेत स्फटिक जाड होतात. स्लॅब टाकल्यावर फळ्या काढतात तसे. पुऱ्या झालेल्या इनॅमलमध्ये वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. सिमेंटमच्या वादात दोन्ही बाजूंना हे मान्य आहे.

आणि येथेच बीड जिल्ह्याचा संबंध येतो. महाराष्ट्रातील फ्लोराइडग्रस्त जिल्ह्यांत बीडचे नाव घेतले जाते. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाडा बोअरच्या पाण्यावर अधिकाधिक विसंबू लागला, आणि काही बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे. लहानपणी याहून जास्त फ्लोराइड सतत पोटात गेले तर घडत्या इनॅमलमधून प्रथिने वेळेवर बाहेर पडत नाहीत. फळ्या आत अडकून राहतात. त्या जागी खनिज भरत नाही, इनॅमल सच्छिद्र राहते, खडूसारखे पांढरे पट्टे पडतात आणि पुढे तेच पट्टे बाहेरचा रंग शोषून तपकिरी होतात. हा फ्लोरोसिस.

एमडोगेनची कथा जशीच्या तशी वर्गात सांगितली तर हुशार मुलगी विचारील: इनॅमलच्या प्रथिनांनीच आधार घडत असेल आणि माझ्या दातांत तीच बिघडली असतील, तर माझे दात हलतील का? वर पाहिलेल्या पुराव्यावरून तिला सांगता येते की, तपकिरी पट्टा हा दात हलण्याचा पुरावा नाही. पट्टा इनॅमलमध्ये आहे. मुळाभोवतीचा आधार वेगळ्या पेशींनी, वेगळ्या रीतीने घातलेला असतो. डाग पडला म्हणून दात ‘कच्चा’ ठरवून काढून टाकण्याचे काहीच कारण नाही. गरज वाटली तर दंतवैद्याकडून डागांवर उपचार करून घेता येतो.

स्वच्छतेच्या तपासणीत अशा मुलांना ‘दात घासत नाहीस’ म्हणून ओळीतून बाहेर काढणे मात्र आमच्या लेखी केवळ अज्ञान आहे. कितीही घासले तरी हे पट्टे जाणार नाहीत, कारण ते बाहेरून बसलेले नाहीत. दात हिरडीखाली असतानाच पडलेले आहेत. इनॅमल घडण्याचा काळ अक्कलदाढा सोडल्या तर पहिल्या सातआठ वर्षांचा. म्हणून चौथी-पाचवीतल्या मुलांच्या पुढच्या दातांवरचे पट्टे पाहून त्यांनी पहिल्या काही वर्षांत कोठले पाणी प्यायले याचा अंदाज बांधता येतो. वर्गात अशी मुले किती, ती कोणत्या वस्तीची, लहानपणी त्यांच्या घरी पाणी धरणाचे, आडाचे की बोअरचे, एवढी चार रकान्यांची नोंद शाळेला सहज ठेवता येईल. मुलांना एकेकटे, इतरांसमोर न दाखवता विचारावे. एकाच बोअरभोवती नोंदी दाटल्या तर त्या पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेकडे पाठवावा. नमुना प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीत, त्याच पाण्याने दोनतीनदा विसळून घ्यावा. काचेची बाटली वापरू नये, कारण फ्लोराइडची काचेशी क्रिया होते.